तुम्ही नक्की काय लाँच करताय?



मागच्या रविवारी बॅच संपली, खुर्च्या आवरत होतो, तेव्हा एक ताई मागं थांबल्या. विडी घरकुल भागातल्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाकिटातून विकायची, असा त्यांचा विचार आहे. पिशवीतून वही काढली आणि म्हणाल्या, "सर, लाँचिंगचं बजेट तेवढं बघा की. बरोबर हाय का?"

हिशोब नीट मांडला होता. एकूण भांडवल १,६०,००० रुपये. त्यातले लाँचिंगला ४८,०००. हॉल १५,०००, फ्लेक्स आणि पत्रिका ८,०००, रील बनवणाऱ्या एका पोराला १०,०००, इन्स्टाग्रामच्या जाहिरातीला १०,०००, चहा-नाष्टा ५,०००. म्हणजे शंभरातले तीस रुपये एका संध्याकाळी जाणार.

मी विचारलं, "आजवर किती पाकिटं विकली?"

म्हणाल्या, "अजून कुठं ओ सर? लाँच झाल्यावर."

"पैसे कर्जाचे?"

"नाही. आईचे. विड्या वळून साठवलेत."

खरं सांगतो, त्या दिवशी मला पटकन उत्तर देता आलं नाही. "लिहून सांगतो," एवढंच म्हणालो. ते उत्तर म्हणजे हा लेख. ताईंसाठी आहे, पण ज्यांच्या वहीत 'लाँच' नावाचा रकाना आहे त्या सगळ्यांनी वाचा.

आधी हा शब्द बघू

आपण सगळे दिवसातून दहा वेळा 'लाँच' म्हणतो. नवीन मोबाईल लाँच, नवीन बॅच लाँच, मित्राच्या वडापावच्या गाड्याचं सुद्धा लाँच. पण हा शब्द आला कुठून?

मुंबईला गेटवेवरून घारापुरीला किंवा मांडव्याला जायला जी बसतो, ती लाँच वेगळी. तो बोटीचा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि शब्दकोश त्याचा माग मलय भाषेतल्या 'चपळ' अशा अर्थाच्या शब्दापर्यंत नेतात. आपल्या धंद्यातला 'लाँच' दुसऱ्या घरातला. त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'लान्सिया' या शब्दात आहे. लान्सिया म्हणजे भाला. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये भाला फेकणे, भिरकावणे असं क्रियापद झालं आणि तेच इंग्रजीत आलं. म्हणजे लाँच करणे याचा पहिला अर्थ फेकणे, झोकून देणे.

पुढं साधारण सहाशे वर्षांपूर्वी इंग्रजीत हा शब्द जहाजाला लागला. किनाऱ्यावर बांधलेलं जहाज पाण्यात ढकलणे म्हणजे लाँच. धंदा, पुस्तक, मोहीम 'लाँच' करणं हे सगळं त्यानंतरचं, जहाजावरून उचललेलं.

आता इथं जरा थांबा, कारण आपल्या कामाची गोष्ट इथंच आहे. जहाज पाण्यात ढकलतात तेव्हा ते कुठल्या अवस्थेत असतं?

जहाज आधी उतरत्या धक्क्यावर बांधतात. सगळ्यात खाली मधोमध जो लांब कणा असतो तो पहिल्यांदा ठेवतात. त्यावर सांगाडा, सांगाड्यावर पत्रे. बाहेरचं अंग पाणी आत येणार नाही असं झालं की उतरंडीला ग्रीस, चरबी असं काही फासतात, अडसर काढतात आणि जहाज घसरत पाण्यात जातं. टाळ्या वाजतात, फोटो निघतात. पण ते जहाज अजून कुठंच जाऊ शकत नसतं. कित्येकदा आत इंजिनसुद्धा नसतं. ते ओढून धक्क्याला बांधतात आणि मग पुढचे कित्येक महिने यंत्रं, खोल्या, वायरिंग, रंग असं सगळं काम चालतं. त्यानंतर समुद्रात चाचणी होते. चाचणीत पास झालं की मग पहिला प्रवास.

म्हणजे लाँचच्या दिवशी एकाच प्रश्नाचं उत्तर मिळतं. हे तरंगतंय का? बाकी काही नाही.

आणि एक. लाँचच्या आधी काहीतरी बांधलेलं लागतं. ताईंच्या वहीत टाळ्या होत्या, फोटो होते, जहाज नव्हतं.

आपल्याच सोलापूरचा माणूस

तुम्ही म्हणाल, सर, आम्ही भाकऱ्या विकणार, जहाजांचं काय सांगताय? सांगतो, कारण या देशात मोठी जहाजं बांधायची जिद्द धरणारा माणूस आपल्या सोलापूरचा होता. वालचंद हिराचंद. जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. त्यांच्या नावाच्या कॉलेजांवरून आपण रोज जातो, काहीजण तिथंच शिकलो, पण धंद्याचा धडा म्हणून त्यांच्याकडं बघत नाही.

घरचा व्यापार होता. पण वालचंदांनी रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली आणि भागीदार कोण घेतला, तर लक्ष्मणराव फाटक. हे रेल्वेतले जुने कारकून. कामाची आतली माहिती फाटकांकडं, धाडस वालचंदांकडं. समुद्र अजून खूप लांब होता.

१९१९ साली नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींबरोबर त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. समुद्रावर तेव्हा इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी. पहिलं जहाज होतं 'लॉयल्टी'. ते नवीन बांधून घेतलं नव्हतं. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलं, जवळजवळ तीस वर्षं पाण्यात काढलेलं जुनं जहाज. आपल्या भाषेत सेकंडहँड! ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून लंडनकडं निघालं. आज आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो, तो याच प्रवासाची आठवण म्हणून.

'लॉयल्टी' पुढं फार चाललं नाही. १९२३ मध्ये भंगारात गेलं. कंपनी मात्र चालली, कारण सगळा जीव एका जहाजात ठेवलेला नव्हता.

आता दुसरी तारीख. २१ जून १९४१. विशाखापट्टणमला सिंदियाच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्र प्रसादांच्या हस्ते झाली. वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. काम बंद पडलं. महायुद्ध संपल्यावर परत जोर लावला आणि १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते तिथं बांधलेलं पहिलं मोठं जहाज पाण्यात उतरलं. नाव 'जल उषा', आठ हजार टनांचं.

पायाभरणी १९४१, लाँच १९४८. मध्ये पावणेसात वर्षं. फोटो मात्र आपण एका दिवसाचा बघतो आणि त्या एका दिवसाला धंदा समजतो.

आपल्याकडं तीन शब्द आहेत

मला वाटतं, गोंधळ इथून सुरू होतो. आपण एकाच 'लाँच'मध्ये तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात. मराठीत त्या तिन्हींना वेगवेगळे शब्द आहेत.

पहिला, मुहूर्तमेढ. लग्नाचा मांडव घालायच्या आधी जो पहिला खांब रोवतात, ती मेढ. तेव्हा नवरा-नवरी, वऱ्हाड, जेवणावळ कशाचा पत्ता नसतो. घरची चार माणसं असतात. जहाजाचा कणा ठेवतात तसंच हे.

दुसरा, उद्घाटन. हा शब्द ऐकला की फीत, कात्री आणि पाहुणे डोळ्यांसमोर येतात. पण आपलं साधं 'उघडणे' हे क्रियापद आणि 'उद्घाटन' एकाच संस्कृत मुळातून आलेत. उद्घाटन म्हणजे उघडणं, बस्स. मी रोज सकाळी साडेनऊला शटर वर करतो, ते उद्घाटनच. पहिल्या दिवशीचं पाहुण्यांसमोर असतं. दोनशेव्या दिवशीचं, पाऊस पडतोय, गिऱ्हाईक नाही, अंगात कणकण आहे, तेव्हाचं कोणी बघत नाही. दुकान टिकतं ते त्या दिवशीच्या उद्घाटनावर.

आणि तिसरा, भवानी. दिवसातली पहिली विक्री. आपले जुने दुकानदार ती नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकतात. कितीही मोठा समारंभ करा, भवानी होत नाही तोवर धंदा झाला असं म्हणता येत नाही.

मुहूर्तमेढ, उद्घाटन, भवानी. ताईंच्या वहीत फक्त मधली गोष्ट होती, आणि तीही फितीसकट.

माझं स्वतःचं सांगतो

मी हे पुस्तकातून शिकलेलो नाही. बीबीएला हे कोणी शिकवत नाही. मी चार लाख घालून शिकलो.

२०१५ साली चादर, टॉवेल, नॅपकिनचं दुकान काढलं. वडील यंत्रमागावर कामाला होते, घरात धंदा करणारा मी पहिलाच. चार लाख जमवले. डिपॉझिट एक लाख, फर्निचर एक लाख दहा हजार, माल एक लाख वीस हजार. राहिले सत्तर हजार. ते सगळे उद्घाटनाला घातले. मांडव, लाल गालिचा, साउंड, चौकात सहा फ्लेक्स, साडेतीनशे माणसांना पेढे आणि नाष्टा. फ्लेक्सवर माझा गॉगल घातलेला फोटो. आज बघितला की हसू येतं.

पहिल्या दिवशी ९,३०० रुपयांची विक्री झाली. मी खूश. आठव्या दिवशी ४२० रुपये. पहिल्या दिवशीचं गिऱ्हाईक म्हणजे काका, मामा आणि कॉलेजचे मित्र. त्यांनी टॉवेल घेतला तो मला बघून, टॉवेल बघून नाही. आता त्यांना दोन वर्षं टॉवेल लागणार नव्हता.

पुढं दिवाळी आली. आमच्या धंद्यात हा हंगाम. गिऱ्हाईक विचारायला लागलं, डबल बेडची चादर दाखवा, भेट द्यायला सेट दाखवा. माल नव्हता. नव्या दुकानदाराला उधार कोण देणार? हातात रोख असती तर माल आला असता. ती रोख गालिच्यावर आणि फ्लेक्सवर गेली होती. शेवटी आक्कानं तिच्या पाटल्या गहाण ठेवल्या. दाजींना न सांगता. त्या सोडवायला मला अडीच वर्षं लागली. तेवढ्या काळात घरात तीन लग्नं झाली. तिन्ही लग्नांत आक्का बांगड्या भरून मिरवायची, पाटल्यांचं कोणी विचारलं की म्हणायची, "लॉकरात हायेत."

धंदा बुडाला नाही, आज चांगला चाललाय. पण ते सत्तर हजार माझे नव्हतेच, ते दिवाळीच्या मालाचे होते, हे मला उशिरा कळलं.

दुसरी बाजू पण आहे

काही जण म्हणतील, सर, मग गुपचूप दुकान उघडायचं का? लोकांना कळणार कसं? बरोबर आहे. चौकातल्या दुकानाला चार लोकांना कळवावंच लागतं. पूजा करा, नारळ फोडा, आईवडिलांच्या हातानं शटर उघडा. यात पैसा लागत नाही आणि मन भरतं. माझा आक्षेप समारंभाला नाही, समारंभाला आधी पैसे काढून ठेवण्याला आहे.

माझा ठोकताळा सांगतो. पटला तर घ्या. दुकान भाड्याचं असेल तर उद्घाटनाचा खर्च एका महिन्याच्या भाड्याच्या आत. घरून धंदा असेल तर भांडवलाच्या पाच टक्क्यांच्या आत.

आणि याच्या उलटी चूक करणारेही माझ्याकडं येतात. दोन वर्षं झाली, अजून लोगोच चाललाय. पॅकिंग पसंत नाही, वेबसाइट अर्धी आहे, सगळं शंभर टक्के झालं की लाँच करणार. मित्रा, जहाजसुद्धा अर्धंच असतं पाण्यात जाताना! तुझं तरंगण्याइतकं झालंय का, तेवढं बघ आणि ढकल. बाकीचं काम धक्क्याला बांधून करता येतं.

पण 'ढकल' म्हणजे डोळे मिटून नाही. स्वीडनमध्ये 'वासा' नावाचं युद्धनौका होती. राजाची हौस, त्यामुळं वर तोफाच तोफा आणि कोरीव पुतळे. निघायच्या आधी तीस माणसांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूला पळवून बघितलं. जहाज इतकं डुलायला लागलं की चाचणी अर्ध्यात थांबवली. तरीही १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोमच्या बंदरातून ते वाजतगाजत निघालं. दीड किलोमीटरसुद्धा गेलं नाही. वारा आला, कलंडलं, बुडालं. बघायला अख्खं गाव किनाऱ्यावर जमलं होतं.

चाचणी झाली होती, हे लक्षात घ्या. उत्तर आलं होतं. ते ऐकायचं नाही असं ठरवलं गेलं.

तर ताई, तुमच्यासाठी

वहीतलं ते पान फाडू नका. फक्त क्रम बदला.

आधी मुहूर्तमेढ. खाण्याचा पदार्थ विकताय, म्हणून अन्न सुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी पहिली. मग फक्त शंभर पाकिटं करा. तुमच्या हिशोबानं एक पाकीट ३२ रुपयांना पडतं, म्हणजे ३,२०० रुपये. त्यावर वजन, घटक, बनवल्याची तारीख नीट छापा. हे तुमचं जहाज. लहान आहे, पण आहे.

त्यातली दहा पाकिटं बाजूला ठेवा. दर चार दिवसांनी एक फोडा. भाकरी कडक आहे का मऊ पडली? चटणीला खवट वास येतोय का? हे म्हणजे डेकवर माणसं पळवणं. वाईट उत्तर आलं तर पॅकिंग बदला, शेंगा भाजणं बदला, पण उत्तर लपवू नका.

राहिलेली नव्वद पाकिटं अनोळखी माणसाला विका. नातेवाईक नाही, गल्लीतली मैत्रीण नाही, मी पण नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत सुट्टी होते तिथं उभं राहा, मुलांच्या हॉस्टेलवर विचारा, पुण्याला जाणाऱ्या पोरांना विचारा. फुकट चव द्या, पाकीट फुकट देऊ नका. अनोळखी माणसानं खिशात हात घालून दिलेले पैसे, ती तुमची भवानी. फोन नंबर लिहून घ्या. पंधरा दिवसांनी त्यातले किती जण स्वतःहून परत मागतात, ते मोजा. तो आकडा तुमचा रिपोर्ट.

परत मागणारे मिळाले की मग करा कार्यक्रम. आठ हजारांत बसवा. ४८,००० मधले ४०,००० वाचतात, म्हणजे साडेबाराशे पाकिटांचा माल. पहिल्या महिन्यात विक्री कमी झाली तरी दुसऱ्या महिन्याची ज्वारी आणायला पैसा राहील. सिद्धेश्वरांच्या यात्रेत गड्ड्यावर गर्दी होते तेव्हा तुमच्याकडं माल असेल. मी दिवाळीत उभा होतो तसं रिकाम्या फळीपुढं उभं राहावं लागणार नाही.

रील करायचीच असेल तर ती पण आहे. पहिली शंभर पाकिटं तयार झाली की हॉल नको, पाहुणे नकोत. घरातच चटईवर बसा आणि पहिलं पाकीट आईच्या हातानं फोडून घ्या. भाकरीचा तुकडा मोडताना आवाज येतो का ते त्यांना ऐकू द्या. पैसे त्यांचे आहेत, पहिली चाचणी त्यांनीच घ्यावी. मोबाईल कोपऱ्यात ठेवून तेवढं रेकॉर्ड करा.

आणि बाकीच्या सगळ्यांना माझा प्रश्न. आजपर्यंत किती अनोळखी माणसांनी तुमच्या मालाला रोख पैसे दिले? आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शून्य असेल तर शून्य लिहा, लाज वाटायचं कारण नाही. पण तो आकडा शून्य असेपर्यंत 'लाँच'च्या रकान्यात काही लिहू नका.

भेटू पुढच्या रविवारी. उधारी कशी मागायची, त्यावर बोलू.